संस्थेतला शांत माणूस नेमकं काय करतो? (कार्यवाह, खजिनदार, चर्च कमिटीवाले, सगळ्यांनी लिहा)

जुना_दप्तरी

मंडळी,

संस्था म्हटली की अध्यक्षांचा हार घातलेला फोटो आठवतो. पण तालुक्याचं वाचनालय असो, देवस्थानचा न्यास असो, वसतिगृह असो की चर्चची पास्टोरेट कमिटी, वर्षानुवर्षं गाडा ओढणारा माणूस बहुतेक वेळा वेगळाच असतो. कधी कार्यवाह, कधी खजिनदार, कधी तर पदच नसलेला साधा सभासद. तो मुलाकडे पुण्याला राहायला गेला की तीन महिन्यांत कळतं, वीजबिलाचा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शांतपणे संस्था चालवणं हा स्वभाव नाही, ती कामाची रीत आहे. म्हणजे ती शिकवता येते. म्हणून तीन प्रश्न: ही रीत नेमकी कोणत्या कामांत असते? ती कुठे बिघडते? आणि पुढचा माणूस तयार कसा करायचा?

एक विनंती, आठवणी नकोत. उद्या कुणी नवा कार्यवाह हा धागा उघडून बसला तर त्याला हातात धरून करता येईल असं लिहा.

शाईचा_डाग

सुरुवात इतिवृत्तापासून. सभा संपल्यावर चोवीस तासांच्या आत लिहून काढायचं. आठवडा गेला की प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं.

रोखठोक_कोल्हापूर

दप्तरीकाका, विषय चांगला, पण मला आधीच एक खुंटा ठोकू द्या. शांत आणि गप्प यांत फरक आहे. संस्था बुडतात त्या भांडखोरांमुळे कमी आणि गप्प बसणाऱ्या सज्जनांमुळे जास्त. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणारा खजिनदार शांतच असतो. 'अध्यक्ष म्हणाले म्हणून' ठराव न करता दुकानगाळा भाड्याने देणारा कार्यवाहही शांतच असतो. त्यांचं कौतुक करायचं असेल तर मी नाही त्यात.

शाईचा_डाग

@रोखठोक, मान्य. म्हणूनच इतिवृत्त म्हणालो. आवाज न चढवता विरोध नोंदवायची तीच जागा आहे. 'श्री. अमुक यांनी या ठरावास असहमती दर्शवली, ती नोंदवण्यात यावी असे सांगितले.' एवढं एक वाक्य. पाच वर्षांनी चौकशी लागली तर त्या वाक्याला खोलीतल्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा जास्त वजन असतं.

आता इतिवृत्ताची रीत सविस्तर लिहितो. वही बांधीव हवी, सुटे कागद नकोत. पानांवर क्रमांक आधीच घालून ठेवायचे. संगणकावर लिहीत असाल तरी छापून चिकटवा, आणि सही अशी करा की अर्धी कागदावर, अर्धी वहीच्या पानावर पडेल. मध्ये कोरी जागा सोडायची नाही, राहिलीच तर तिरकी रेघ मारायची. खाडाखोड झाली तर जुना मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ, बाजूला छोटी सही. पांढरी शाई अजिबात नको.

मजकुरात भांडण लिहायचं नाही. निर्णय काय, सूचक कोण, अनुमोदक कोण, काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, खर्चाची मर्यादा किती. 'सविस्तर चर्चा होऊन दुरुस्ती करण्याचे ठरले' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. 'पश्चिमेकडील दोन खिडक्यांच्या दुरुस्तीसाठी ₹ १२,००० पर्यंत खर्चास मंजुरी, तीन दरपत्रके घेणे, जबाबदारी सहकार्यवाह, मुदत १५ जून' असं लिहिलं की पुढच्या सभेत कुणाला टोचून बोलावं लागत नाही. मागील इतिवृत्त वाचतानाच ज्याचं काम राहिलंय तो आपोआप मान वर करतो.

हिशेबाची_वही

शाईचा_डाग यांनी माझं अर्धं काम केलं. मी पैशांवर लिहिते.

छोट्या न्यासात खजिनदाराने पाळायची गोष्ट खरं तर एकच: आलेला पैसा आहे तसा, पूर्ण, बँकेत जाऊ द्यायचा. देणगीपेटी उघडली, ₹ ७,४३० निघाले, त्यातले ₹ ९०० प्लंबरला तिथेच दिले आणि ₹ ६,५३० भरले, असं झालं की वहीत उत्पन्नही खोटं आणि खर्चही गायब. चोरी कुणीच केलेली नसते, पण हिशेब आता सिद्ध होत नाही. किरकोळ खर्चासाठी वेगळी आगाऊ रक्कम ठेवा, समजा ₹ ३,०००. संपत आली की व्हाउचरं जोडून तेवढीच रक्कम चेकने पुन्हा भरून घ्यायची. म्हणजे हातातली रोकड आणि व्हाउचरं यांची बेरीज कधीही मोजा, ३,००० च यायला हवी.

आणि तो क्यूआर कोड! जिथे जाल तिथे भिंतीवर चिकटवलेला कोड खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा असतो. 'संस्थेचं खातं जोडायला वेळ लागतो म्हणून तात्पुरतं.' त्या तात्पुरत्याची दोन वर्षं होतात. मग संस्थेचा पैसा कोणता आणि घरचा कोणता हे वेगळं काढताना त्या बिचाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच शंका येते. ज्या दिवशी खातं जोडाल त्या दिवशी कोड लावा, तोवर पावतीपुस्तक चालवा.

पावतीपुस्तकांची नोंदवही हवी हेही सांगून ठेवते. पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक १ ते १००, कोणाला दिलं, कधी परत आलं. गणेशोत्सवात वाटलेलं पुस्तक दिवाळीपर्यंत परत आलं नाही तर विचारायचं, नाताळची वाट बघायची नाही. ₹ २,००० च्या वर रोख देणगी असेल तर देणाऱ्याला तिच्यावर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे पावती फाडायच्या आधी सांगावं. नंतर सांगितलं की तो माणूस पुन्हा येत नाही.

नगरचा_घंटानाद

चर्चच्या बाजूने लिहितो. नगर जिल्ह्यातल्या मराठी मंडळ्यांत हे रोजचं आहे, आणि हिशेबताईंचा नियम दानार्पणाला तंतोतंत लागू पडतो.

उपासना संपल्यावर थैल्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, जातात. तिथे मोजणारे दोघे हवेत, आणि ते एका घरचे नकोत. नवरा-बायको, बाप-लेक, सासरा-जावई अशी जोडी नको. यात अविश्वास नाही, उलट त्यांच्यावर बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून ही काळजी. कागदावर ५००, २००, १००, ५०, २०, १० अशा ओळी आधीच छापलेल्या असाव्यात. नोटांची संख्या, रक्कम, खाली नाणी, खाली एकूण अंकी आणि अक्षरी, दोघांच्या सह्या. मासिक वर्गणीची पाकिटं वेगळी मोजायची, पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळते का ते पाहून. जुळली नाही तर पाकीट फेकायचं नाही, त्यावरच फरक लिहून दोघांनी सही करायची.

पाळकांनी मोजायला बसू नये. हे त्यांना सांगणं अवघड जातं, पण त्यांच्याच भल्याचं आहे.

कापणीच्या सणाला खरी कसोटी असते. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी, केक असं सगळं येतं आणि मग लिलाव. लोक उत्साहात बोली लावतात. एक लिंबू ₹ ५०० ला जातं, आणि ते पुन्हा अर्पण करून पुन्हा लिलावात येतं. लिलाव पुकारणारा एक, लिहिणारा दुसरा, पैसे घेणारा तिसरा असे तिघे लागतात. लिहिणाऱ्याकडे चार रकाने: वस्तू, घेणाऱ्याचं नाव, बोली, रोख की नंतर. 'नंतर' हा रकाना नसला की सणाची अर्धी रक्कम हवेत राहते. आणि ज्यांची राहिली त्यांची नावं व्यासपीठावरून वाचायची नाहीत. ज्याने यादी लिहिली त्यानेच सोमवार ते शनिवार दारोदार जाऊन आणायची. मला विचाराल तर शांत पुढारीपण म्हणजे ती सोमवारची फेरी.

वसईची_लेक

@नगरचा_घंटानाद, शेवटच्या ओळीला मनापासून दाद.

कॅथलिक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामात) रचना जरा वेगळी असते. धर्मगुरूंसोबत वित्त समिती असणं चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. पास्टरल कौन्सिल सल्ला देणारी, तिच्याकडे अंतिम निर्णयाचा अधिकार नाही. नवीन लोकांचा इथेच हिरमोड होतो. 'आमचं ऐकत नाहीत' म्हणून दोन बैठकांनंतर येणं बंद. पण सल्लागार समितीत वजन पडतं ते तयारी करून आलेल्या माणसाचं. 'दफनभूमीचा रस्ता खराब आहे' असं म्हणणारे दहा असतात. 'रस्ता ४० मीटर आहे, पावसाचं पाणी डाव्या बाजूने उतरतं, तिथे गटार काढल्याशिवाय काँक्रीट टिकणार नाही, हे दोन ठेकेदारांचे दर' असं सांगणारा एक असला की निर्णय त्याच्या बाजूने झुकतो.

गाजावाजा न करता काम कसं करावं याचा जुना नमुना हवा असेल तर सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी पाहा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. गरजू घरी जायचं ते दोघांनी मिळून, एकट्याने नाही. सभेत थैली फिरते ती बंद, कोणी किती टाकले कळत नाही. कोणत्या घराला काय दिलं हे सभेबाहेर बोलायचं नाही. दोघांनी जाण्यात साक्षही आहे आणि सोबतही. कुणालाही मदत देणाऱ्या संस्थेने हे जसंच्या तसं उचलावं, धर्म कोणताही असो. शिलाई मशीन वाटपाचा फोटो काढताना त्या बाईंच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघावं, मग फोटो काढावा की नाही ते ठरवावं.

माउलींची_पायवाट

विषय थोडा सोडून लिहितो, पण जवळचाच आहे. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातले चोपदार, म्हणजे हातात चोप (दंड) घेऊन शिस्त राखणारे, आठवा. तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग तिथे जाऊन तक्रार ऐकली जाते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगतात, आणि मग समाज आरती.

यात शिकण्यासारखं असं की तक्रारीला ठरलेली वेळ आणि ठरलेली खूण आहे. तक्रार नाही असं गृहीत धरून आरती सुरू होत नाही. आपल्या सभांत 'ऐनवेळचे विषय' शेवटी येतात, तोवर निम्मे लोक चप्पल शोधत असतात.

रोखठोक_कोल्हापूर

वा! हे आवडलं. तक्रार आधी, आरती नंतर. मी माझा खुंटा अर्धा उपटतो.

पण पायवाटदादा, चोपदारांच्या मागे परंपरा उभी आहे. आमच्या कार्यवाहाच्या मागे कोण? त्याच्या हातात चोप नाही.

बाराखडी

त्याच्या हातात घटना आहे. संस्थेची नियमावली म्हणतेय मी. दहातल्या आठ सभासदांनी ती वाचलेली नसते. ज्याला पान आणि कलम पाठ, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

गणपूर्ती किती (म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत), सभेची सूचना किती दिवस आधी, तहकूब सभा त्याच दिवशी अर्ध्या तासाने घेता येते का (घटनेत तशी तरतूद असेल तरच), तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, मतदानाचा हक्क कोणाला, थकबाकीदाराला आहे का. हे सगळं एका पानावर काढून त्या पानाची प्रत प्रत्येक सभेत टेबलावर ठेवायची. सभासद नोंदवही ३१ मार्चला अद्ययावत करायची. निवडणुकीचे बहुतेक वाद 'सभासद कोण' इथेच सुरू होतात, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदवही दुरुस्त करायला घेतली की प्रत्येक दुरुस्तीत डाव दिसतो.

फाइल_क्रमांक_सात

महाराष्ट्रातल्या न्यासांसाठी कायद्याची बाजू लिहितो, कारण इथे शांत माणसं सगळ्यात जास्त अडकतात.

विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवा आला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२, नमुना परिशिष्ट तीन. सोबत सभेची सूचना आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, नव्यांची संमतिपत्रं, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. अर्ज अडतो तो बहुधा 'सूचना पोचल्याचा पुरावा' यावर. तोंडी निरोप किंवा फोनवर भागत नाही. सूचनावही फिरवून सह्या घ्या, बाहेरगावच्यांना पोस्टाने पाठवा आणि पावत्या त्याच दिवशी वहीत चिकटवा.

एक बदल अर्ज राहिला की पुढचे सगळे त्याच्यामागे रांगेत. दर तीन वर्षांनी कमिटी बदलते, २०१३ चा प्रलंबित, मग २०१६ चा, मग २०१९ चा. कामकाज नवे लोक करतात आणि परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीत) नावं जुनीच, त्यातले दोन हयात नाहीत. बँकेत सह्या बदलायला गेलात की तोच उतारा मागतात. तेव्हा सुरू होते धावपळ.

दुसरी चूक भल्या माणसांची. सभागृहाचं छप्पर उडालं, पावसाळा तोंडावर, विश्वस्त म्हणतो 'मी घालतो दोन लाख, मग द्या सावकाश'. कलम ३६अ पाहा. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. स्वतः विश्वस्ताने उसने दिले तरी ते ताळेबंदात कर्ज म्हणूनच दिसतं आणि लेखापरीक्षक शेरा मारतो. द्यायचे असतील तर देणगी म्हणून द्या, पावती घ्या.

जागा भाड्याने देतानाही तसंच. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. नंतर नाही, आधी.

हिशेबाची_वही

@फाइल_क्रमांक_सात, पदरचे पैसे घालणाऱ्यांबद्दल आणखी एक. देणगी म्हणून दिले तरी ते दर महिन्याला होत असेल तर ती संस्थेसाठी चांगली खूण नाही. शिपायाचा पगार, झेरॉक्स, चहा, रिक्षा असं सगळं कार्यवाह खिशातून करतो आणि मागत नाही. वार्षिक हिशेबात प्रशासकीय खर्च ₹ ८,००० दिसतो, प्रत्यक्षात ३५,००० असतो. वर्गणी वाढवायची गरज सभेला कधी दिसतच नाही. तो माणूस गेला की नव्याला वाटतं आपल्या काळात खर्च वाढला, आणि लोकही तेच बोलतात. म्हणून खिशातून खर्च केला तरी व्हाउचर लिहायचंच, पैसे घ्यायचे, आणि वाटलं तर तेवढीच देणगी परत द्यायची. दोन नोंदी होतात, पण खरा खर्च वहीत राहतो.

अटलांटिकपार

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतही गोष्ट तीच, कागद वेगळे. इथे कमिटी एक-दोन वर्षांनी पूर्ण बदलते. गणपती, दिवाळी अंक, नाटक सगळं दणक्यात होतं. पण वार्षिक उलाढाल साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या मंडळाने दरवर्षी करखात्याकडे भरायचा फॉर्म ९९०-एन, जो ऑनलाइन काही मिनिटांत होतो, तो राहून जातो. आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो जायला हवा. सलग तीन वर्षं चुकला की करमुक्त दर्जा आपोआप रद्द. कुणी वाईट हेतूने करत नाही. लॉगिन मागच्या खजिनदाराच्या ईमेलवर असतं, एवढंच.

उपाय: ईमेल पदाच्या नावाने, माणसाच्या नावाने नाही. आणि कमिटी बदलली तरी एक सभासद 'तारखांचा राखणदार' म्हणून तीन वर्षं कायम ठेवायचा. त्याला मतही नको, मंचही नको.

काठावरची_सरू

तारखांचा राखणदार! हे पद आमच्या वाचनालयाला हवंच. अनुदानाचे दोन हप्ते, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जाणारा वार्षिक अहवाल, ३१ मार्चची पुस्तकमोजणी, सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात हिशेबपत्रकं. सगळं एकाच बाईंच्या डोक्यात.

जुना_दप्तरी

भरभरून लिहिलंत. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांना आता कमी नाही. तिसरा मात्र अजून तसाच आहे. पुढचा माणूस तयार कसा करायचा? जो खरा लायक असतो तो 'मला पद नको' म्हणतो. आणि ज्याला पद हवं असतं तो पहिल्या वर्षी फलक बदलतो.

बाराखडी

दप्तरीकाका, पद देऊ नका, काम द्या, आणि काम पूर्ण द्या. 'जरा मदत कर' म्हटलं की माणूस खुर्च्या उचलतो आणि घरी जातो. 'या वर्षीची सभासद नोंदवही तुझी' म्हटलं की तो थकबाकीदारांना फोन करतो, चुकीचे पत्ते दुरुस्त करतो, घटनेतलं सभासदत्वाचं कलम वाचतो. सहा महिन्यांनी त्याला निम्मी संस्था कळलेली असते. मग दुसरं वर्ष इतिवृत्त. तिसऱ्या वर्षी सहकार्यवाह म्हणून नाव घातलं तर तो नाही म्हणत नाही, कारण काम तर तो करतोच आहे.

चुकलं तर आपण परत करायला घ्यायचं नाही. हे सगळ्यात कठीण. त्याने लिहिलेलं इतिवृत्त आपल्यापेक्षा कच्चं असणार. चूक दाखवायची, पण पुन्हा त्यालाच लिहायला द्यायचं.

शाईचा_डाग

आणि जाणाऱ्याने एक वर्ष मागच्या खुर्चीत बसावं. सभेला यायचं, विचारलं तरच बोलायचं. नव्याने बोलायच्या आधी लोक जुन्याच्या चेहऱ्याकडे बघत असतील तर त्या दिवशी सभेला न जाणंच बरं.

नगरचा_घंटानाद

हस्तांतराची यादी कुणीतरी लिहा राव, म्हणजे उपयोग होईल.

फाइल_क्रमांक_सात

लिहितो. दोन प्रती, देणारा-घेणारा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी दाखल्याची मूळ प्रत, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, घटना, सर्व इतिवृत्त वह्या (पहिलं आणि शेवटचं पान क्रमांक लिहून), सूचनावही, सभासद नोंदवही, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं क्रमांकासह, चेकबुकातले उरलेले चेक क्रमांकासह, मुदत ठेवींच्या पावत्या आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा, जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भाडेकरार, वीज आणि पाण्याचे ग्राहक क्रमांक, त्यांना जोडलेले मोबाइल नंबर, प्राप्तिकर पोर्टलचं लॉगिन कोणाच्या नंबरवर आहे ते, सगळ्या चाव्या आणि कोणती चावी कुठली ते, चालू न्यायप्रकरण असल्यास पुढची तारीख. हातातली रोकड त्याच वेळी मोजून लिहायची.

वसईची_लेक

त्यात आणखी एक घाला: ज्या घरांना दरमहा मदत जाते त्यांची यादी. पण ती साक्षीदारांसमोर उघडायची नाही. बंद पाकिटात, पाकिटावर फक्त 'घरे : १४' एवढंच.

काठावरची_सरू

आणि शिक्का? आमच्याकडे दोन आहेत, एक जुना 'चिटणीस' लिहिलेला आणि एक नवा.

फाइल_क्रमांक_सात

सरूताई, यादीच्या शेवटी दोन्ही शिक्क्यांचे ठसे उमटवून घ्या. जुना आता वापरात नसेल तर कार्यकारिणीत ठराव करा, त्या ठरावाखाली शेवटचा ठसा मारा आणि त्याच सभेत सगळ्यांदेखत त्याचं रबर कापून टाका.